परकत

आमच्या घरी टिंब चालतं. तलासरीच्या कचेरीत टिंब चालत नाही, तिथे त्याच्या जागी खाली रेघ ओढावी लागते. उंबरगावला मेव्हण्याकडे पुन्हा टिंब चालतं, पण बाकी काहीच चालत नाही.

हे कुणाच्या कपाळाबद्दल नाही, एका फाइलच्या नावाबद्दल आहे. फाइलचं नाव व्हिमआरसी. 'व्हिम' हा संपादक आहे. दैनिकाचा नव्हे, संगणकात मजकूर टाइप करायचा. त्यानं माझ्याशी कसं वागावं, याची यादी म्हणजे ही फाइल: अक्षर केवढं दाखव, ओळींना आकडे घाल, टॅब दाबला की चारच घरं सोड. लिनक्सवर हिचं नाव टिंबानं सुरू होतं, कारण तिथे टिंबानं सुरू होणारी फाइल यादीत दिसत नाही. घरातल्या कुरबुरी पाहुण्यांसमोर काढू नयेत, तसला संकेत. विंडोजवर मात्र अंडरस्कोअर, कारण विंडोजचा आजा जो डॉस, त्याला टिंबानं सुरू होणारं नाव उच्चारताच येत नसे. आजोबा गेले, नातवाच्या घरी त्यांचं पथ्य अजून पाळलं जातं.

माझा भाचा म्हणतो, "मामा, आता विंडोजवर टिंबही चालतं." चालत असेल. पण कचेरीतल्या यंत्रावर त्यानंच आधी अंडरस्कोअरवाली फाइल ठेवून दिली होती, आणि ती जागेवर असेपर्यंत टिंबवालीकडे कुणी ढुंकून बघत नाही. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. ते तीन आठवडे मी टिंबवाल्या फाइलीत सुधारणा करत होतो.

सगळं दुखणं या भाच्याचंच. तो पुण्याला शिकला, नोकरीला बंगळुरूला गेला आणि जाताना बोर्डीला माझ्याकडे आपला जुना लॅपटॉप टाकून गेला. त्यात उबुंटू आणि उबुंटूत व्हिम. "मामा, एकदा बोटांना सवय लागली की माऊसला हात लावावासा वाटणार नाही." खरं निघालं. दोन्ही हात डोक्याला असले की माऊसला लावायला तिसरा उरत नाही. लोक विचारतात, हे वर्डसारखंच का? वर्ड ही पंगत आहे. बसलं की वाढतात. व्हिम ही विळी आहे. तिच्यावर बसायला शिकावं लागतं, आणि शिकेपर्यंत बोटं कापून घ्यावी लागतात.

व्हिम उघडला की पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी विनंती दिसते. ज्यानं तो लिहिला त्या ब्राम मोलेनार या डच गृहस्थानं पैसे मागितले नाहीत, एवढंच मागितलं. १९९१ साली त्यानं पहिली आवृत्ती दिली आणि २०२३ साली तो वारला, तरी विनंती तशीच आहे. आमच्या हिनं ती वाचली आणि म्हणाली, "अहो, युगांडा राहू द्या, आधी मोखाड्याचं बघा." जिल्हा एकच असल्यामुळे मला उत्तर सुचलं नाही.

मी निवृत्त शिक्षक. तलासरीतल्या एका संस्थेसाठी बालवाडीच्या ताईंना उपयोगी पडेल अशी शब्दसूची करतो आहे: पहिल्या रकान्यात मराठी, दुसऱ्यात गुजराती, तिसऱ्यात वारली. आमच्या भागात हे काम नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर या बायांनी शाळाच कुरणात नेली आणि तिचं नाव कुरणशाळा ठेवलं. परिस्थिती बघून मांडणी बदलायची, हे त्यांनी एकही फाइल न लिहिता केलं. मी ती फाइल लिहिली, आणि झालं ते पुढीलप्रमाणे.

काम तीन ठिकाणी चालतं. बोर्डीला घरी लिनक्स. तलासरीला संस्थेच्या कचेरीत विंडोज. आणि गुजराती रकान्यासाठी उंबरगावला मेव्हण्याकडे, त्याच्याकडे मॅक. मेव्हणा लग्नाच्या चित्रफिती कापतो-जोडतो. ज्या गावात रामानंद सागरांनी 'रामायण' मालिकेचं चित्रीकरण केलं, त्या गावात आपण साध्या यंत्रावर काम करणं त्याला कमीपणाचं वाटतं.

आता परकत. व्हिममध्ये मुख्यतः दोन अवस्था असतात: एक लिहायची, एक हुकूम सोडायची. हुकमाच्या अवस्थेत अक्षरं उमटत नाहीत, त्यांचे हुकूम होतात. डावीकडे जायला एच, खाली जे, वर के, उजवीकडे एल. हे सगळं इंग्रजीत. मी लिहितो मराठीत, इनस्क्रिप्ट कळफलकावर. १९८६ साली ठरलेला हा कळफलक सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी देतो आणि मला तो फार आवडतो. त्यात एच, जे, के, एल या चार जागांवर अनुक्रमे प, र, क, त बसलेले आहेत. म्हणजे मराठी चालू ठेवून हुकमाच्या अवस्थेत 'र' दाबला तर व्हिम नुसता टुण्ण आवाज करतो. त्याला वाटतं, म्हातारा काहीतरी बरळतोय. आणि लिहायच्या अवस्थेत असताना, आपण हुकमाच्या अवस्थेत आहोत अशा समजुतीनं इकडेतिकडे फिरायला गेलो, की मजकुरात उमटतं: परकत.

पहिल्या मसुद्यात हा शब्द सात ठिकाणी होता. मी छापून दिला. आठवड्यानं रकाने भरून परत आले. मराठी रकान्यात परकत. गुजराती रकान्यात मेव्हण्याच्या हाताखालच्या पोरानं, गुरुजींची चूक झाली असणार असं समजून, शांतपणे 'बरकत' लिहिलेलं. वारली रकान्यात एका ताईंनी लिहिलं होतं: "आमच्या पाड्यात नाही म्हणत. वरच्या पाड्यात विचारून सांगते." त्या विचारायला गेल्याही. वरच्या पाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं 'पूर्वी म्हणत असतील' असा निर्वाळा दिला. भाषाशास्त्र असंच वाढत असावं अशी मला दाट शंका आहे.

त्याहून वाईट म्हणजे फाइल सेव्ह करून बाहेर पडायचा हुकूम. इंग्रजीत तो विसर्गासारखी दोन टिंबं, डब्ल्यू आणि क्यू. इनस्क्रिप्टवर त्याच तीन जागांवर छ, दोन मात्रा आणि काना-दोन मात्रा आहेत. एकापुढे एक दाबले की पडद्यावर जे उमटतं ते छापखान्यालाही जुळवता येणार नाही, म्हणून उच्चार सांगतो: छै-औ. मोठ्यानं म्हणून बघा. 'छै'ला ओठ फाकतात आणि 'औ'ला तोंड उघडंच राहतं. दोन तासांचं काम सेव्ह झालं नाही असं कळलेल्या माणसाच्या तोंडून नेमका हाच आवाज येतो.

कळफलक बदलायची खूण तरी सगळीकडे एक असावी? कचेरीत खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि स्पेस. घरीही तेच बटण आणि स्पेस, फक्त लिनक्सवाले त्या बटणाला विंडोज म्हणत नाहीत, 'सुपर' म्हणतात. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तसं. मॅकवर कंट्रोल आणि स्पेस. उंबरगावहून आलो की दोन दिवस माझं बोट कंट्रोलवर जातं, आणि मराठीच्या जागी इंग्रजीच चालू राहतं.

कापून चिकटवायचं प्रकरण तर विचारूच नका. विंडोजला एक खिसा असतो. लिनक्सला दोन: एक नेहमीचा, आणि दुसरा असा की नुसता मजकूर रंगवला, कॉपी म्हटलंही नाही, तरी तो आपोआप त्यात जाऊन पडतो आणि माऊसचं मधलं बटण दाबलं की बाहेर येतो. शिवाय व्हिमचा स्वतःचा आतला चोरखिसा वेगळाच. या खिशांची व्यवस्था व्हिमआरसीत यंत्राप्रमाणे वेगळी लावावी लागते. ती लावायच्या आधी मी कचेरीला एक पत्र धाडलं. 'सोबत दुसरा मसुदा जोडला आहे, कृपया अभिप्राय कळवावा' याच्याखाली सही यायला हवी होती. तिथे आलं: सुके बोंबील एक किलो, जवळा अर्धा, चाळून घ्या, मागल्या वेळी वाळू होती. हिनं सांगितलेली यादी मी दुसऱ्या खिडकीत नुसती रंगवून ठेवली होती. कचेरीतून उत्तर आलं की अभिप्राय पुढच्या आठवड्यात देऊ, जवळा मात्र आमच्या शिपायाच्या घरचा चांगला असतो, वाळू नसते.

आणि ओळीचा शेवट. हा विषय मला समजावून सांगायला भाच्याला पाऊण तास लागला, कारण तो यंत्राकडून समजावत होता आणि मी टाइपरायटरकडून समजत होतो. टाइपरायटर मी वापरलाय. ओळ संपत आली की टिंग वाजायचं, मग डावीकडचा दांडा ढकलायचा. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची: गाडी उजवीकडे सरकून ओळीचा आरंभ पुन्हा समोर यायचा, आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटर आले तेव्हा या दोन कामांना दोन वेगळ्या खुणा दिल्या गेल्या. पुढे टेलिप्रिंटर मोडीत निघाले, गाडी गेली, कागद गेला, खुणा राहिल्या आणि वारसांत वाटणी झाली. विंडोजनं दोन्ही ठेवल्या. युनिक्सनं आणि त्याच्या लिनक्सनं कागद सरकवायची तेवढी ठेवली. जुन्या मॅकनं गाडी मागे न्यायची तेवढी ठेवली, आणि २००१ साली नवं घर बांधल्यावर तीही सोडून युनिक्सची घेतली. भाऊबंदकीत सातबाऱ्यावर इतकी नावं लागत नाहीत.

मी घरचा तुकडा आणि कचेरीतला तुकडा एकाखाली एक जोडला. व्हिमला अशी मिसळ ओळखता येत नाही. तो फाइल लिनक्सची समजून उघडतो आणि कचेरीतल्या प्रत्येक ओळीच्या शेपटीला त्याला न कळलेली खूण दाखवतो: टोपीसारखं एक चिन्ह आणि मोठा एम. आंबा एम, चिकू एम, ताडगोळा एम. तेच पान छापलं गेलं. ताईंनी बैठकीत अर्थ लावला की एम म्हणजे मराठी असावं. ज्यांच्यापुढे एम नाही ते शब्द गुरुजींना खात्रीचे मराठी वाटत नसावेत. त्यावर 'भाकरी'ला एम का नाही, यावर वाद झाला. मी तेव्हा गप्प बसलो, कारण खरं सांगायला टेलिप्रिंटरपासून सुरुवात करावी लागली असती.

उलट बाजूनं, घरची फाइल कचेरीतल्या जुन्या यंत्रावर नोटपॅडमध्ये उघडली की अख्खी सूची एकाच ओळीत, मालगाडीसारखी. आमचा पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. नोटपॅडला लिनक्सची ओळ वेगळी करायला २०१८ उजाडलं. आणि एकदा मी सगळ्या ओळींचे शेवट विंडोजसारखे केले, तर बदल दाखवणाऱ्या प्रोग्रामनं प्रत्येक ओळ बदलली असं लाल रंगात जाहीर केलं. संस्थेच्या कार्यवाहांनी भर सभेत माझं कौतुक केलं, की एका रात्रीत गुरुजींनी सगळी सूची तपासली. मी नमस्कार केला. करायला नको होता, पण केला.

या सगळ्या काळात तलासरी नाक्यावरच्या वाण्याच्या दुकानात मी चहाची पूड घ्यायला थांबत असे. तिथे बघत राहावं. वारली म्हातारीशी तो तिच्या बोलीत, ट्रकवाल्याशी हिंदीत, भिलाडहून आलेल्या व्यापाऱ्याशी गुजरातीत, माझ्याशी पुस्तकी मराठीत. मध्ये अवस्था बदलायला एस्केप दाबत नाही, कळफलक बदलत नाही. परकत असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मी विचारलं, "गोंधळ होत नाही?" तो म्हणाला, "गुरुजी, माणूस पायरी चढतो तेव्हाच कळतं." माझ्या फाइलीत नेमकं हेच लिहायचं होतं: पायरी चढताच कळावं.

गोंधळ त्याचा होत नाही, पण आमचा होतो. गुजरातीत केरी म्हणजे आंबा, पिकलेलाही. मराठीत कैरी म्हणजे कच्ची. सूचीच्या एका आवृत्तीत 'कैरीचा रस' आला होता आणि तो वाचून दोन ताईंचे दात आंबले. लोट म्हणजे गुजरातीत पीठ. मराठी रकान्यात तोच शब्द धुराबरोबर येतो. मेव्हण्याच्या पोराला 'धुराचे लोट' याचं गुजराती करायला सांगितलं, तर त्यानं विचारलं, गव्हाचं की बाजरीचं?

लिपीचंही तेच. महामार्गानं आच्छाडच्या पुढे गुजरातेत शिरलं की पाट्यांवरची अक्षरं डोक्यावरची रेघ काढून ठेवतात, देवळात शिरताना टोपी काढावी तशी. बाकी बरीचशी तीच. युनिकोडवाल्यांनी प्रत्येक अक्षराला क्रमांक दिले तेव्हा भारतीय लिप्यांना एकसारखे गाळे पाडून दिले. त्यामुळे देवनागरी 'क' आणि गुजराती 'क' यांच्यात बरोबर ३८४ क्रमांकांचं अंतर आहे, आणि 'ख'च्या बाबतीतही तेवढंच. मी ३८४ मिळवायची एक ओळ लिहिली आणि मराठी लिपीतला गुजराती रकाना एका दमात टोपी काढून उभा राहिला. माझ्या उभ्या आयुष्यात व्हिमनं केलेलं हे एकमेव सत्कृत्य. फक्त गाळ्यांचा क्रम मजेशीर आहे: देवनागरी, मग बंगाली, मग गुरुमुखी, मग गुजराती. नाक्यावरून भिलाडला माणूस चहा गरम असेपर्यंत पोचतो. युनिकोडमध्ये बंगाल आणि पंजाब करून जावं लागतं.

परिसराप्रमाणे मांडणी बदलण्याचं आमच्याकडचं सर्वांत जुनं उदाहरण संजाणचं. पारशी गलबतांतून तिथे उतरले तेव्हा जादी राणानं त्यांना पाच अटी घातल्या, असं 'किस्सा-ए-संजाण' या १५९९च्या सुमारास लिहिलेल्या फारसी काव्यात आहे. तुमचा धर्म काय तो समजावून सांगा. इथली भाषा बोला. बायकांनी इथला पेहराव करावा. शस्त्रं खाली ठेवा. लग्नं संध्याकाळी लावा. दुधात साखर मिसळल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण ती त्या काव्यात नाही, लोकांच्या तोंडी आहे. काव्यात आहेत या पाच ओळी. भाच्याला मी त्या वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "मामा, ही परफेक्ट कॉन्फिग आहे. पहिली ओळ तर डॉक्युमेंटेशन." आणि तो काही खोटं बोलत नव्हता. त्यानं स्वतः लिहून दिलेल्या फाइलीत डॉक्युमेंटेशनची एक ओळ नव्हती.

त्या फाइलीवरून आमचं भांडणही झालं. मी सुरुवातीला तीन यंत्रांसाठी तीन वेगळ्या फाइली ठेवल्या होत्या. एकीत सुधारणा केली की ती दुसरीत करायची राहून जायची, आणि महिन्याभरात तिघी एकमेकींना ओळखेनाशा झाल्या. उंबरगाव तालुका १ मे १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवशी दोन राज्यं झाली, उंबरगाव पलीकडे गेला आणि त्याचा जो तुकडा अलीकडे राहिला त्यातून तलासरी झाली. एकाच तालुक्याच्या दोन प्रती, आणि तेव्हापासून दोन्हींत वेगवेगळ्या सुधारणा. अलीकडे उंबरगाव म्हणतात, पलीकडे उमरगाम. पलीकडे दारूबंदी, अलीकडे नाही. मेव्हणा माझ्याकडे मुक्कामाला यायला कायम तयार असतो याचं कारण मी बरीच वर्षं बहिणीवरची माया समजत होतो.

भाचा म्हणाला, तीन फाइली नकोत. एकच ठेव आणि आत विचार: बाबा, तू कुठे आहेस? विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते, नाहीतर पलीकडचं. ऐकायला सोपं. पण उत्तर देणारे प्रामाणिक असले पाहिजेत ना! विंडोजला ओळखायचा प्रश्न 'विन थर्टी-टू आहेस का?' असा आहे. आता यंत्रं चौसष्टची झाली, तरी ती 'हो' म्हणतात. आमच्या आळीतल्या साठीच्या बाबूला अजून बाबूच म्हणतात, तसं. मॅकला 'तू युनिक्स का?' असं विचारलं तर तोही बेधडक 'हो' म्हणतो. मी युनिक्सचा प्रश्न आधी ठेवला होता. त्यामुळे मॅकवर लिनक्सची मांडणी लागली आणि फॉन्टच सापडेना. मॅकचं हे उत्तर खोटं नाही, उंबरगावच्या माणसाला तुम्ही मराठी का म्हटलं तरी 'हो' आणि गुजराती का म्हटलं तरी 'हो' येतं, दोन्ही खरी असतात. म्हणून आधी मॅक का ते विचारायचं, मगच युनिक्स. प्रश्नांचा क्रम चुकला की सोयरीक मोडते.

एवढं जमलं तोवर भाच्यानं दिवाळीत येऊन कचेरीतल्या विंडोजच्या पोटात लिनक्स बसवून दिलं, "तुझ्या सोयीसाठी". त्यातला व्हिम आपण लिनक्स असल्याचं शपथेवर सांगतो, पण फाइली विंडोजच्या चकतीवर, खिसा विंडोजचा. हे मला समजलं ते केवळ तलासरीला राहून. आमच्या पूर्वेला दादरा आणि नगर हवेली आहे. नगर हवेली वेगळी, दादरा वेगळं, मध्ये गुजरातेची पट्टी. आणि नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ नावाचं एक गाव परत गुजरातेचं. मेघवाळच्या माणसाला 'कुठला?' विचारलं तर तो काय सांगत असेल, तेच त्या व्हिमनं मला सांगितलं. मी एक पोटप्रश्न वाढवला.

फॉन्टांचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की डोकं दुखतं. विंडोजवर फॉन्टचा आकार अपूर्णविरामानंतर एच लावून सांगायचा, लिनक्सवर नुसती जागा सोडून, आणि ती जागा सोडायच्या आधी एक तिरकी रेघ, नाहीतर व्हिमला वाटतं वाक्य संपलं. हे सगळं करूनही काळ्या टर्मिनलच्या खिडकीत देवनागरी जोडाक्षरं बहुधा सुटी पडतात. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, फाळणीतल्या कुटुंबासारखी. आणि कचेरीतल्या जुन्या फाइली कृतिदेव फॉन्टमध्ये. त्यात 'मराठी' हा शब्द खरा साठवलेला असतो तो ई, जे, के, मोठा बी आणि एच असा; वर मराठी अक्षरांचा मुखवटा. व्हिमनं मुखवटा काढला. तीस वर्षं मराठीतून चाललेला कारभार इंग्रजी बाराखडीच्या रद्दीतून चालला होता, हे बघून कचेरीतल्या हेडक्लार्कना जे वाटलं ते त्यांनी मला पाणी देऊन व्यक्त केलं. मला म्हणजे, पाणी त्यांनाच हवं होतं.

वीज गेली की मात्र व्हिमचं कौतुक करावं लागतं. आमच्या डहाणूला ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. आमच्या पाड्यांत ती कधी कधी येऊन जाते. लॅपटॉपची बॅटरी भाच्याच्या कॉलेजच्या दिवसांतच संपलेली. पण व्हिम लिहिता लिहिता बाजूला एक टिपण ठेवत जातो, आणि वीज आल्यावर विचारतो, मागचं उचलून देऊ का? हा प्रश्न तो तिन्ही यंत्रांवर सारखाच विचारतो. त्याला कुठलीही मांडणी लागत नाही.

परवा फाइल पूर्ण झाली. एकशे चाळीस ओळी, त्यातल्या नव्वद नुसते प्रश्न. शेवटच्या 'नाहीतर'मध्ये, कुठलंच उत्तर जुळलं नाही तर दाखवायला, मी एक ओळ टाकली: 'बाबा रे, तू आहेस तरी कुठे?' त्याच आनंदात झाईच्या बंदरावर कोळंबी घ्यायला गेलो. खिशात फोन वाजला. पलीकडचा टॉवर पकडून तो माझं गुजरातमध्ये स्वागत करत होता. पूर्वी याचे पैसेही लागायचे. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर महाराष्ट्र, वळलं तर रोमिंग.

मांगेली बाईपुढे टोपली होती. मी मराठीत भाव विचारला. तिनं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं, पायांतल्या बुटांकडे बघितलं आणि गुजरातीत उत्तर दिलं. मला उंबरगावची गिऱ्हाइकं ठाऊक. गुजरातीत बोललं तर भाव वेगळा असतो असं मेव्हणा सांगतो. म्हणून मी घाईनं गुजरातीत सुरुवात केली, ती अर्ध्यावर संपली आणि उरलेलं वाक्य हिंदीत पडलं. बाईनं मान वर केली. मग शेजारच्या टोपलीवालीकडे वळून ती मांगेलीत काहीतरी बोलली, दोघी हसल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, 'मास्तर'.

कोळंबी वीस रुपयांनी महाग पडली.